रूफ प्लाझाला एक खिडकी ठेवा

मा. महाव्यवस्थापक, मध्य रेल्वे, मुंबई,
तसेच मुंबईतल्या स्थानकांचे नवे आराखडे आखणारे अभियंते आणि वास्तुविशारद यांस,

स. न. वि. वि.

मुंबईकराने रेल्वेला पत्र लिहिलं म्हणजे लोकल उशिरा आल्याचं रडगाणं असणार, असा तुमचा समज असेल तर तो चुकीचा म्हणता येणार नाही. पण हे पत्र त्यातलं नव्हे. मला एक खिडकी हवी आहे, एवढंच.

सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नवी दिल्ली, अहमदाबाद आणि आपलं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (छशिमट) अशा तीन स्थानकांच्या पुनर्विकासाला मंजुरी दिली. साधारण दहा हजार कोटी रुपयांचं काम. त्या वेळच्या सरकारी पत्रकात म्हटलं होतं, की प्रत्येक स्थानकाला ३६, ७२ किंवा १०८ मीटरचा प्रशस्त रूफ प्लाझा, म्हणजे रुळांवर घातलेल्या छतावरची मोकळी जागा, असेल. तिथे दुकानं असतील, उपाहारगृहं असतील, करमणुकीची सोय असेल. शिवाय फूड कोर्ट, प्रतीक्षालय, स्थानिक वस्तूंच्या विक्रीला जागा आणि लहान मुलांना खेळायला जागा. सगळं चांगलंच आहे. फक्त गाडी बघायला जागा या यादीत नाही.

आता खालून खरी गाडी धडधडत चालली आहे आणि वर पोरगं प्लॅस्टिकच्या झुकझुक गाडीत बसून गोल गोल फिरतंय, असं चित्र मला तरी दिसायला लागलं. रुळांवर छत घालून त्यावर माणसं आणायची आणि त्यांना रूळच दिसू द्यायचे नाहीत, हे कोणी ठरवून करत नसतं. कोणाच्या डोक्यातच येत नाही, म्हणून होतं. ते डोक्यात यावं यासाठी हे पत्र. छशिमट हे निमित्त. कल्याण, दादर, ठाणे, पुणे, जिथे जिथे उद्या रुळांवर छत येईल तिथे तिथे हेच मागणं आहे.

आम्ही कोण, हे तुमच्या कर्मचाऱ्यांना माहीत आहे. फलाटाचं छप्पर जिथे संपतं तिथे चार-पाच माणसं उभी असतात. गाडी येते, थांबते, सुटते, ही तिथेच. एखादा बारावीचा मुलगा, एखादे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, आणि नातवाला घेऊन आलेले आजोबा. त्यातही कोण कोणाला घेऊन आलंय हे सांगणं अवघड. एकमेकांची नावं ठाऊक नसतात. ‘आज राजधानीला कुठलं लोको?’ (लोको म्हणजे इंजिन) एवढ्या प्रश्नावर ओळख होते आणि पुढच्या रविवारपर्यंत टिकते.

बाहेरच्याला वाटतं, यात बघायचं काय? गाडी ती गाडी. त्यासाठी कल्याणचंच उदाहरण देतो, कारण मी डोंबिवलीचा आणि आमचं काशी-रामेश्वर तेच.

ठाण्याहून रूळ कल्याणला पोचले १ मे १८५४ ला. पुढे दोन वाटा फुटतात. शहाडकडची कसाऱ्याला जाते, विठ्ठलवाडीकडची कर्जतला. दोन्हींच्या पुढ्यात सह्याद्री उभा: एकीकडे थळ घाट, दुसरीकडे बोर घाट, आणि दोन्हीकडे सदतिसास एकचा चढ. म्हणजे सदतीस मीटर पुढे जाताना गाडी एक मीटर वर चढते. रस्त्यावर हा चढ जाणवणारही नाही, पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर चढवायचं म्हणजे इंजिनाचा घाम निघतो. म्हणून कसाऱ्याला आणि कर्जतला गाडीच्या मागे बँकर, म्हणजे जादा इंजिनं, लागतात आणि ढकलत वर नेतात. आता कल्याणच्या फलाटावर उभा असलेला माणूस येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे बघून मनात हेच ताडत असतो: ही कुठल्या घाटाला जाणार, हिला बँकर लागणार का, किती लागणार?

मुंबईहून हजरत निजामुद्दीनला मध्य रेल्वेची राजधानी १९ जानेवारी २०१९ ला सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत तिला पुढे एक, मागे एक अशी दोन इंजिनं लागली. मागचं इंजिन मुंबईपासूनच असल्यामुळे बँकरसाठी थांबण्याचा प्रश्न मिटला. त्या गाडीचं मागचं इंजिन बघायला कल्याणला किती माणसं जमली होती, हे तुमच्या त्या वेळच्या स्टेशन मास्तरांना विचारा. १० फेब्रुवारी २०२३ ला सोलापूरच्या आणि शिर्डीच्या वंदे भारत निघाल्या. त्यांच्या मोटारी डब्याडब्यांखाली वाटलेल्या असल्यामुळे त्या बँकरविना घाट चढतात. वर्षानुवर्षं बँकर बघत आलेल्या माणसाला ही गाडी शेपटाशिवाय वर जाताना पाहून काय वाटतं, ते शब्दांत सांगणं कठीण आहे. थोडा आनंद, थोडी चुटपुट.

आणि डेक्कन क्वीन. १ जून १९३० रोजी ती पहिल्यांदा धावली तेव्हा कल्याण ते पुणे धावली. आज ती कल्याणला थांबतसुद्धा नाही. संध्याकाळी सहाच्या सुमारास इथून न थांबता निघून जाते आणि कल्याणकर फलाटावरून तिला बघतात. जून २०२२ मध्ये तिला एलएचबी जातीचे नवे डबे आले, रंग बदलला, त्यावरून आमच्यात जेवढी भांडणं झाली तेवढी एखाद्या घरात वाटणीवरून होत नसतील. दर १ जूनला पुणे स्थानकावर प्रवासी तिचा वाढदिवस केक कापून साजरा करतात. ज्या राज्यात माणसं गाडीचा वाढदिवस करतात, तिथे गाडी बघायला जागा मागणं अगदीच चक्रमपणाचं ठरू नये.

इंजिनाची गोष्ट आणखी वेगळी. प्रत्येक इंजिनाच्या अंगावर त्याची जात, क्रमांक आणि शेड, म्हणजे जिथे त्याची देखभाल होते ते ठिकाण, लिहिलेलं असतं. डब्ल्यूएपी-७ म्हटलं की डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, ए म्हणजे एसी वीज, पी म्हणजे प्रवासी गाडी. पीच्या जागी जी आला की मालगाडीचं. हे एकदा कळलं की सात वर्षांचं पोरही फलाटावर उभं राहून इंजिनांच्या कुंडल्या मांडतं. त्यात शेडचं नाव: कल्याण, अजनी, भुसावळ, इटारसी, लाल्लागुडा, इरोड, तुघलकाबाद. ठरलेल्या शेडचं सोडून भलतंच इंजिन गाडीला लागलं की त्याला आम्ही ऑफलिंक म्हणतो, आणि ऑफलिंक दिसलं की दिवस सार्थकी लागतो. इरोड तमिळनाडूत आहे, हे आमच्याकडच्या मुलांना भूगोलाच्या पुस्तकाआधी इंजिनाच्या अंगावरून कळतं. शाळेला फुकटात एवढी मदत कोणी करत नसेल.

तुम्ही रेल्वेचेच असल्यामुळे एक गोष्ट तुम्हाला अधिक पटेल. न थांबता जाणारी गाडी स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याने उभं राहून बघायची, हा तुमचाच नियम आहे. काही लोंबकळतंय का, आस तापून धूर येतोय का, मालगाडीचा दरवाजा उघडा राहिलाय का, आणि शेवटच्या डब्यावर एलव्हीची पाटी आहे की नाही. ती असली म्हणजे गाडी अख्खी आली, मध्ये कुठे तुटून राहिली नाही. मग हिरवा बावटा, रात्री हिरवा दिवा. गाडीतून लोको पायलट आणि ट्रेन मॅनेजर उलट बावटा दाखवतात. (२०२२ पासून त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणायचं ठरलं आहे, आमच्या तोंडून अजून गार्डच निघतं, माफ करा.) तेव्हा गाडी नीट लक्ष देऊन बघणं हे तुमच्याकडे पगारी काम आहे. आम्ही ते बिनपगारी करतो, आणि एलव्हीची पाटी आम्हीही बघतो.

या बिनपगारी बघण्यातून काय शिल्लक राहतं, तेही सांगतो. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला, हार्बर मार्गाने, देशातली पहिली विजेची गाडी धावली. वीज होती १५०० व्होल्ट डीसी. पुढची नव्वद वर्षं मुंबईची ओळख तीच. मग टप्प्याटप्प्याने २५ हजार व्होल्ट एसी आली. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरचा शेवटचा टप्पा जून २०१५ मध्ये झाला, आणि एप्रिल २०१६ मध्ये हार्बरवरूनही डीसी गेली. बदल चांगलाच होता: वीज वाचते, गाड्या वेग घेतात. पण त्याबरोबर डीसीच्या जुन्या लोकलचा सुटतानाचा तो वाढत जाणारा गुरगुराट गेला. दोन्ही विजांवर चालणारी, कल्याण शेडची शान असलेली डब्ल्यूसीएएम-३ इंजिनं होती, त्यांच्या दुहेरी कसबाचंही मग काही काम उरलं नाही. छशिमटच्या हेरिटेज गल्लीत १९२८ चं ‘सर लेस्ली विल्सन’ इंजिन तुम्ही जपून ठेवलं आहे, त्याबद्दल मनापासून आभार. पण ते इंजिन गप्प आहे. त्या काळचे आवाज, घाटातले बँकर, डीसी-एसी बदलाच्या मधल्या वर्षांतली धांदल, हे आज कोणाला ऐकायचं-बघायचं असेल तर ते बहुतेक हौशी लोकांनी साध्या कॅमेऱ्यावर टिपलेलं सापडतं. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण जून २०२२ मध्ये पूर्ण झाल्याचं जाहीर झालं, तेव्हाही तिथे डिझेलचा आवाज टिपायला किती जण पावसात उभे होते! पुढचा बदल येईल तेव्हाही तो टिपणारी माणसं हीच असतील. त्यांना उभं राहायला जागा असली तर.

जागा कमी होत चालली आहे, हा खरा मुद्दा. पूर्वी गाडी बघायला फलाटावर यावंच लागत नसे. पूल होते. कल्याणचा पत्री पूल आठवा. शंभर वर्षांचा जुना, अरुंद, वाहतुकीला वैताग. नोव्हेंबर २०१८ मध्ये तो पाडला, आणि नवा जानेवारी २०२१ मध्ये सुरू झाला. मधली दोन वर्षं कल्याण-डोंबिवलीकरांनी जे हाल काढले ते बघता नव्या पुलाला नावं ठेवणं पाप होईल. पण रुळांवरच्या नव्या पुलांच्या बाजू आता उंच आणि बंदिस्त असतात. त्याला कारण आहे: खाली २५ हजार व्होल्टची तार, वरून कोणी काही टाकलं किंवा सळई खाली सोडली तर जीव जाईल. कारण शंभर टक्के बरोबर. परिणाम असा, की बापाच्या खांद्यावर बसून पुलावरून गाडी बघणारं पोर या शहरातून हळूहळू नाहीसं होतंय. जाळी बारीक आणि मजबूत असली तर वरून काही खाली सोडता येत नाही आणि त्यातून दिसतंही. सरसकट पत्रा ठोकणं मात्र स्वस्त पडतं.

पूल गेले, मग राहिले फलाट. फलाटांबद्दल तुमची बाजू मला समजते, आणि ती लहान नाही. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ माणसं चेंगरून गेली. २७ ऑक्टोबर २०२४ ला, दिवाळीच्या तोंडावर, वांद्रे टर्मिनसला चेंगराचेंगरी झाली आणि त्यानंतर मोठ्या स्थानकांवर फलाट तिकीटच काही दिवस बंद ठेवावं लागलं. छशिमटने २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र पाहिली आहे. तिथे मोठा कॅमेरा घेऊन तासभर रेंगाळणाऱ्या माणसाला कोणी हटकलं तर त्यात गैर काय? हटकणाऱ्याच्या जागी मी असतो तर मीही हटकलं असतं. मोबाइलवर कोणी दहा मिनिटं चित्रण केलं तर चालतं आणि कॅमेऱ्याची नळी लांब दिसली की प्रश्न सुरू होतात, हे थोडं गमतीचं आहे खरं, पण ते देशभर सगळीकडे असंच चालतं.

आमच्यातल्या लोकांविषयीही बोललं पाहिजे. गाडी अंगावर येताना पिवळ्या पट्टीच्या पुढे हात काढून व्हिडिओ घेणारे, रुळांत उतरून ‘अँगल’ शोधणारे, लोको पायलटने हॉर्न वाजवावा म्हणून पुढ्यात नाचणारे महाभाग अलीकडे वाढले आहेत. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ मध्ये रुळांवर विनापरवाना जाण्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ती यांच्यावर लावा, आमचं काही म्हणणं नाही. ज्याने आयुष्यात एकदाही इंजिनाच्या शेडचं नाव वाचलेलं नाही आणि ज्याला फक्त स्वतःचा चेहरा गाडीसमोर हवा आहे, तो आमच्यातला नव्हे, असं म्हणून हात झटकता येतील. पण त्या गर्दीत खरे वेडेही असतात, हे कबूल करायला हवं. नीट दिसेल अशी सुरक्षित जागा नाही म्हणून त्यातले काही जण धोक्याच्या जागी जातात.

म्हणूनच मी फलाट मागत नाही. आधीच गर्दीने फुटलेल्या ठाण्याच्या पाच-सहा नंबरवर किंवा दादरच्या पुलाखाली आम्ही आणखी उभे राहून काय करणार? ठाण्याचा तो फलाट रुंद करायला २०२४ मध्ये ६३ तासांचा ब्लॉक घ्यावा लागला; एकेका मीटरची तिथे काय किंमत आहे, हे आम्हालाही कळतं. तुम्ही स्वतःच रुळांवर नवी जमीन तयार करायला निघाला आहात. त्या जमिनीची एक कड द्या.

टोकियो स्थानकासमोर जुन्या मध्यवर्ती टपाल कार्यालयाच्या जागी किट्टे नावाची इमारत आहे, २०१३ मध्ये उघडलेली. तिच्या सहाव्या मजल्यावर गच्चीतली बाग आहे. कोणीही जावं, पैसे पडत नाहीत, आणि कठड्याशी उभं राहिलं की खाली शिंकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, येताना-जाताना दिसतात. खाली दुकानं आहेतच, त्यांचा धंदाही होतो. गाडी बघून झाल्यावर माणसाला भूक लागतेच. ब्रिटनमध्ये नेटवर्क रेलने रेल्वेवेड्यांसाठी सूचनाच काढून ठेवल्या आहेत: आल्यावर कर्मचाऱ्यांना सांगा, फ्लॅश वापरू नका, पिवळ्या रेषेच्या मागे राहा, लोकांच्या वाटेत येऊ नका. ही माणसं येणारच, हे त्यांनी मान्य केलं आणि कसं यायचं ते सांगून टाकलं. आपल्याकडे असा एक कागद मराठी, हिंदी आणि इंग्रजीत फलाटावर लागला, तर तुमच्या आरपीएफ जवानाचाही त्रास वाचेल आणि आमचाही.

आता जागा कशी असावी. रूफ प्लाझाची जी कड गाड्या आत शिरतात त्या बाजूला असेल, तिथे पन्नास-साठ फुटांचा पट्टा पुरे. छशिमटला ती उत्तरेची कड, मशीदकडची. तिथे आणखी एक फायदा आहे, जो फोटो काढणाऱ्यालाच सुचेल: उत्तरेकडे तोंड करून उभं राहिलं की पावसाळ्याच्या आसपासचे दिवस सोडले तर सूर्य बहुतेक वेळ पाठीशी राहतो, आणि येणाऱ्या गाडीच्या तोंडावर उजेड पडतो. अठरा फलाटांच्या रुळांचं ते जाळं, त्यावरून वाट काढत येणारी लोकल, शेजारून निघालेली कोणार्क किंवा उद्यान, हे वरून बघायला मिळालं तर तुमची दुकानं आम्ही चालवून दाखवू.

काच जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर सुरू व्हावी, म्हणजे पोरांना उचलावं लागणार नाही आणि चाकाच्या खुर्चीतल्या माणसालाही दिसेल. समोर चार बाक. पुढच्या तासाभरात कोणत्या गाड्या येणार-जाणार त्याचा एक इंडिकेटर. उजेड भरपूर असावा आणि जागा वर्दळीची असावी. फलाटाच्या निर्मनुष्य टोकाला उभं राहायला मुली कचरतात आणि त्यांच्या घरचेही सोडत नाहीत, त्यामुळे हा नाद आजवर मुलग्यांचाच समजला गेला. नाहीतर इंजिनांच्या याद्या वहीत लिहिणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत, आणि त्यांच्या वह्या जास्त नीट असतात.

फुकट नको. फलाट तिकीट दहा रुपयांचं आणि दोन तासांचं असतं, तेच इथे लावा. वीस केलेत तरी आम्ही रांगेत उभे राहू. सणासुदीच्या गर्दीत बंद ठेवा. कामाच्या दिवशी सकाळ-संध्याकाळी बंद ठेवलंत तरी चालेल, कारण त्या वेळी आम्हीही तुमच्याच लोकलला लटकलेले असतो. रविवार मात्र द्या. रविवारी मेगाब्लॉक असतो हे माहीत आहे. ब्लॉकमध्ये वरच्या तारा दुरुस्त करणाऱ्या टॉवर वॅगन आणि रूळ बदलणारी यंत्रं निघतात, ती बघायलाही आमच्यातले बरेच जण येतील.

एक शेवटची विनंती वास्तुविशारदांना. काच बसवलीत तर तिच्यावर जाहिरातीचा कागद चिकटवायची परवानगी कोणालाही देऊ नका. साफसफाईच्या ठेक्यात ही काच बाहेरच्या बाजूनेही पुसायची, असं आधीच लिहून घ्या. ते नंतर लिहायचं म्हटलं तर नवं टेंडर काढावं लागतं, हे रेल्वे बघता बघता आम्हालाही पाठ झालं आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
डोंबिवलीचा एक रेल्वेवेडा